नदीचा कांठ आणि शहराची भिंत

छत्रपति संभाजीनगराच्या पश्चिम अंगास खाम नांवाची एक लहानशी नदी आहे. उत्तरेकडील डोंगरांत उगम पावून ती जुन्या शहराच्या कडेकडेनें वाहत जाते आणि पुढें गोदावरीस मिळते. तिच्या कांठीं मकाई दरवाजा, पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा आणि बारापुल्ला दरवाजा असे तीन भक्कम दरवाजे उभे आहेत व प्रत्येकापुढें नदीवर दगडी पूल आहे. जुन्या तटाचा बराचसा भाग आतां नाहींसा झाला आहे; तरी हे दरवाजे पाहणाऱ्याच्या मनांत एक प्रश्न सहज उभा राहतो. ज्या नदींत वर्षांतील आठ महिने गुडघाभर पाण्याचीहि खात्री नाहीं, तिच्या कांठीं एवढा बंदोबस्त कोणासाठीं केला? ज्या बादशहानें काबूलपासून भीमेपर्यंत हुकूम चालविला, त्याला आपल्या दक्षिणेच्या राजधानीभोंवतीं भिंत घालण्याची पाळी कां यावी?

ह्या प्रश्नाचें उत्तर खामेच्या कांठीं मिळत नाहीं. त्यासाठीं आधीं नदी आणि राज्याची सीमा ह्यांचा संबंध काय, तें पाहिलें पाहिजे, आणि त्या बाबतींत जगांतील सर्वांत मोठा प्रयोग रोमन लोकांनीं करून ठेविला आहे.

नकाशावर नदीसारखी उत्तम सीमा दुसरी नाहीं. राजाच्या दिवाणखान्यांत बसलेल्या माणसाला ती निळी रेघ म्हणजे देवानेंच खणून दिलेला खंदक वाटतो. नदीकांठच्या माणसाला मात्र तसें कधींच वाटत नाहीं. त्याचा पाणवठा ह्या तीरास आणि मामाचें घर त्या तीरास असतें. उतार कोठें आहे, नाव कोणाची आहे आणि कोणत्या महिन्यांत पाणी ओसरतें, हें त्याला ठाऊक असतें. सीमेचें रक्षण करणाऱ्याची खरी गांठ ह्या माणसाशीं पडते.

रोमन साम्राज्याची उत्तर सीमा ऱ्हाईन आणि डॅन्यूब ह्या दोन नद्यांवर ठरली होती. पहिला बादशहा ऑगस्टस ह्याच्या काळापासून ह्या नद्यांच्या कांठीं छावण्या पडूं लागल्या. आरंभीं त्या माती आणि लांकूड ह्यांच्या होत्या, पुढें दगडी झाल्या. पांचसहा हजार शिपायांच्या पलटणीची मोठी छावणी थोड्याच ठिकाणीं असे. तिच्या दरम्यान पांचशें किंवा हजार शिपायांचे लहान किल्ले असत, आणि त्यांच्याहि मध्यें पहाऱ्याचे बुरूज. किल्ल्याचा आंखणीचा नमुना बहुधा एकच असे: कोपरे गोलाकार केलेला चौकोन, चार बाजूंस चार दरवाजे, मधोमध एकमेकांस छेदणारे दोन रस्ते आणि त्यांच्या मिलनाच्या जागीं सेनापतीची कचेरी. ब्रिटनमधून आलेला शिपाई डॅन्यूबच्या किल्ल्यांत रात्रीं अंधारांत शिरला तरी त्याला आपली कोठडी शोधावी लागत नसावी! रोममध्यें बादशहा ट्रेजन ह्याचा जो विजयस्तंभ इ. स. ११३ सालीं उभा राहिला, त्याच्या अगदीं तळाच्या चित्रांत डॅन्यूबच्या कांठचे हे बुरूज कोरलेले आहेत. वरच्या मजल्यावरून मशाल बाहेर निघालेली आहे आणि शेजारीं इशाऱ्यासाठीं पेटवावयाच्या गवताच्या गंजी व लांकडांचे ढीग रचून ठेविलेले आहेत.

आतां हे बुरूज कशासाठीं होते, हें रोमन लोकांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. आजच्या हंगेरींतील एका नदीकांठच्या ठाण्यावर बादशहा कमोडस ह्याच्या वेळचे, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे, शिलालेख सांपडले आहेत. त्यांत असें म्हटलें आहे कीं, चोरटे लोक जेथून गुपचूप नदी ओलांडतात अशा सोयीच्या जागीं बादशहानें हे बुरूज नव्यानें बांधून कांठाचा बंदोबस्त केला. ही नोंद फार मोलाची आहे. मोठी फौज येणार असेल तर बुरुजावरील आठदहा शिपाई तिला काय करणार? त्यांचें काम निराळें होतें. कोण येतो, कोण जातो, किती गुरें पलीकडे गेलीं, बाजाराच्या दिवशीं आलेला मनुष्य सायंकाळीं परत गेला कीं नाहीं, ह्यावर त्यांची नजर असे. नदी ही भिंत नसून तो नाका होता. नाक्यावरचा पहारा जागा असेपर्यंत नाका राखला जाई.

आणि तो पहारा निसर्गानेंच दरसाल उठविण्यासारखी सोय होती. कडाक्याच्या हिंवाळ्यांत डॅन्यूब गोठते आणि मग जिला खंदक समजावयाचें तीच गाड्याघोड्यांची सडक होते. पण नदीपेक्षांहि माणसांनीं केलेल्या चुका रोमला अधिक नडल्या. व्हॅलेंटिनियन बादशहानें डॅन्यूबपलीकडे, क्वादी नांवाच्या लोकांच्या मुलुखांत, किल्ला बांधण्याचें काढलें. त्यावरून तंटा पेटला. इ. स. ३७५ सालीं क्वादींचे वकील बादशहाच्या भेटीस आले व तुमच्या किल्ल्यामुळेंच आमचे लोक बिथरले असें बोलले. हें ऐकून बादशहास इतका संताप आला कीं, त्या भरांतच त्याला झटका येऊन तो गतप्राण झाला. पुढच्याच वर्षीं हूणांच्या भयानें पळत आलेल्या गॉथ लोकांना रोमन अधिकाऱ्यांनीं आपल्याच नावांत बसवून डॅन्यूबच्या ह्या तीरास आणलें, आणि मग त्यांची उपासमार करून कुत्र्याच्या मांसासाठीं त्यांचीं मुलें गुलाम म्हणून विकत घेतलीं. दोन वर्षांनीं, म्हणजे ३७८ सालीं, एड्रिॲनोपलच्या रणांगणावर त्याच गॉथांनीं रोमन बादशहा व्हॅलेन्स ह्याचा प्राण घेतला. किल्ले आपल्या जागीं होते. नदीहि आपल्या जागीं होती.

डॅन्यूबच्या कांठीं हे पहारे बसत होते त्याच शतकांत गोदावरीच्या कांठीं पैठण येथें सातवाहनांची राजधानी भरभराटीस आलेली होती. पैठणचा माल गाड्यांवरून भडोचच्या बंदरास जाई आणि तेथून रोमच्या अमलाखालील व्यापारी तो घेऊन जात. टॉलेमीच्या भूगोलांत पैठणचें नांव आलेलें आहे. सातवाहनांना गोदावरी ही सीमा नव्हती, घरची नदी होती. मराठवाड्यांतील नद्यांना सीमेची कळा आली ती पुष्कळ शतकांनंतर, जेव्हां उत्तरेची सत्ता दक्षिणेंत पाय रोवूं लागली तेव्हां.

ह्या शहराच्या बाबतींत ती हकीगत मलिक अंबरपासून सुरू होते. निजामशाहीच्या ह्या हबशी वजिरानें १६१० च्या सुमारास खडकी गांवीं आपली राजधानी वसविली. त्यानें नहरी खणून शहराला पाणी दिलें आणि मोंगलांवरील विजयाची खूण म्हणून १६१२ सालीं भडकल दरवाजा उभारला. पण शहराला सलग तट त्यानें घातला नाहीं. दौलताबादेसारखा अजिंक्य किल्ला हातच्या अंतरावर असतां त्याला तशी गरज वाटली नसावी. मोंगल आले म्हणजे निजामशहाला दौलताबादेवर पाठवावयाचें आणि आपण रानोमाळ लढाई खेळावयाची, हा त्याचा शिरस्ता होता. त्याची किंमत खडकीनें दोनदां दिली. १६१६ आणि १६२१ ह्या दोन्हीं सालीं मोंगल फौजांनीं शहराची राखरांगोळी केली. अंबरानें तें पुन्हां वसविलें, पण तट मात्र घातला नाहीं.

१६३६ सालीं निजामशाहीचा शेवट झाला. तिचा मुलूख मोंगल आणि विजापूरकर ह्यांनीं वांटून घेतला, आणि पुष्कळ अंशीं भीमा नदी ही त्या दोघांमधील सीमा झाली. १६५३ सालीं औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला तेव्हां त्यानें खडकीस आपलें ठाणें केलें, आणि शहर औरंगाबाद ह्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. खामेच्या पलीकडे, उघड्या माळावर, त्याच्या बेगमेचा मकबरा उभा राहिला. एवढी संपत्ति, एवढ्या कचेऱ्या, एवढे सरदारांचे वाडे, आणि तरीहि शहर उघडेंच होतें. ह्याचा अर्थ एवढाच कीं शत्रु भीमेपलीकडे आहे आणि मधला मुलूख आपला आहे, ह्याबद्दल राज्यकर्त्यांच्या मनांत शंका नव्हती. शंभर मैलांहून दूर असलेली नदी हाच त्यांना आपला तट वाटत होता.

ही समजूत शिवाजी महाराजांनीं खोटी पाडली. येथें दक्षिणेच्या नद्यांचा स्वभाव लक्षांत घेतला पाहिजे. डॅन्यूब हिंवाळ्यांत गोठते तेव्हां तिचा आधार तुटतो. भीमा आणि गोदावरी ह्यांचें उलट आहे. पावसाळ्याचे चार महिने त्या खरोखरच दुस्तर असतात. दसरा झाला, पाणी ओसरलें, कीं ठिकठिकाणीं उतार पडतात, आणि त्याच दसऱ्यास मराठी फौजेचें सीमोल्लंघन होत असे. ज्या ऋतूंत सीमेला रक्षणाची गरज, नेमक्या त्याच ऋतूंत नदी रजेवर जात असे.

मोंगलांनींहि नदीकांठीं ठाणें घालून पाहिलें. औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश हा दक्षिणेचा सुभेदार झाल्यावर त्यानें श्रीगोंद्याच्या दक्षिणेस, भीमेच्या उत्तर तीरावर, पेडगांव येथें छावणी केली. तिच्याभोंवतीं कोट उठला, पेठ वसली, आणि १६७३ च्या सुमारास बादशहाच्या परवानगीनें तिला बहादूरगड हें नांव मिळालें. गडाच्या आंत यादवकालीन देवळें आहेत. जागा सर्वस्वीं रोमन सेनापतीनें निवडावी अशीच होती: पायाशीं नदी, समोर उतार आणि मागें आपला मुलूख. खानाची मनसबहि मोठी होती आणि फौजहि थोडी नव्हती.

ह्या गडाचा उपयोग किती झाला, हें १६७४ च्या जुलै महिन्यांत दिसून आलें. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन जेमतेम महिना लोटला होता. दोन हजार मराठी स्वार पेडगांवच्या रोंखानें आले आणि खानास दिसतांच माघारे फिरले. खान सगळी फौज घेऊन त्यांच्या पाठीस लागला. ते पुढें, खान मागें, असें करीत त्यांनीं त्याला पन्नास मैल दूर नेलें. इकडे सात हजारांची दुसरी तुकडी निराळ्या वाटेनें येऊन मोकळ्या छावणींत शिरली. एक कोटीची लूट आणि बादशहास नजर करण्यासाठीं जमविलेले दोनशें उत्तम घोडे घेऊन, तंबूंस आग लावून ती निघून गेली. मोसम ऐन पावसाळ्याचा होता, हें विशेष! म्हणजे नदीनें आपलें काम करावें अशा महिन्यांतहि तें झालें नाहीं. खानाच्या दैवास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. नदीकांठच्या ठाण्याचें काम पाहण्याचें असतें. धांवत सुटण्याचें नव्हे. डोळाच जागा सोडून पळाला म्हणजे मग त्या डोळ्याभोंवतीं कितीहि जाड कोट असला तरी काय होणार?

ह्यानंतर भीमेची सीमा नांवापुरती राहिली. १६८१ च्या जानेवारींत छत्रपति संभाजी महाराजांच्या फौजा भीमा, गोदावरी मागें टाकून थेट तापीच्या कांठीं बऱ्हाणपुरास पोंचल्या. बऱ्हाणपूरच्या तटाबाहेर बहादूरपुरा वगैरे श्रीमंत पुरे होते. सराफांचीं, जवाहिऱ्यांचीं दुकानें होतीं. तीन दिवस लूट चालली. तटाच्या आंतील शहर वांचलें आणि तटाबाहेरील पुरे गेले. ही बातमी औरंगाबादेच्या सावकारांनीं कोणत्या मनःस्थितींत ऐकली असेल ह्याची कल्पना करणें कठीण नाहीं. बऱ्हाणपुरास निदान आंत पळून जाण्यापुरता तट होता. औरंगाबाद सगळीच एक बहादूरपुरा होती.

त्याच वर्षीं बादशहाचा बंडखोर पुत्र शहाजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयास आला, आणि औरंगजेब स्वतः दक्षिणेंत उतरला. नोव्हेंबर १६८१ मध्यें तो बऱ्हाणपुरास आणि मार्च १६८२ मध्यें औरंगाबादेस पोंचला. त्याच साली शहराभोंवतीं तट बांधण्यांत आला.

ह्या घटनेशेजारीं रोमची एक घटना ठेवण्यासारखी आहे. रोम शहराला फार जुना एक तट होता, परंतु शहर त्याच्या बाहेर केव्हांच वाढलेलें होतें आणि कित्येक शतकें कोणाला त्याची आठवणहि झाली नव्हती. रोमचा तट म्हणजे ऱ्हाईन आणि डॅन्यूब, असाच सर्वांचा समज होता. इ. स. २७१ च्या सुमारास डॅन्यूब ओलांडून आलेल्या टोळ्या इटलींत शिरल्या आणि ऑरेलियन बादशहाला राजधानीभोंवतीं सुमारें बारा मैलांची नवी भिंत घालावी लागली. काम इतक्या घाईचें होतें कीं वाटेंत आलेलीं थडगीं, नळांच्या कमानी, जुनें क्रीडागार, जें सांपडलें तें भिंतींत गुंफून टाकण्यांत आलें. लोक त्या भिंतीकडे बादशहाच्या सामर्थ्याचें लक्षण म्हणून पाहतात. वास्तविक ती उलट कबुली होती. नदी राखली असती तर भिंत लागली नसती. औरंगाबादचा १६८२ चा तट हा ह्याच जातीचा आहे. भीमेवर जें साधलें नाहीं त्याचा हिशेब खामेच्या कांठीं दगडांत मांडला गेला. फरक एवढाच कीं रोमला ह्या मुक्कामास येण्यास जवळजवळ तीनशें वर्षें लागलीं. भीमेच्या सीमेला १६३६ पासून सेहेचाळीस पुरलीं.

तटाची रचनाहि हीच गोष्ट सांगते. त्याचा घेर सुमारें सहा मैलांचा होता आणि उंची सरासरी चौदा फूट. दरवाजांजवळ आणि नदीच्या बाजूस कांहीं ठिकाणीं ती अधिक होती. कोपऱ्यांवर आणि दरवाजांपाशीं अर्धवर्तुळ बुरूज होते, भिंतींत बंदुकींसाठीं जंग्या होत्या. उत्तरेस दिल्ली दरवाजा, पूर्वेस जालना, दक्षिणेस पैठण आणि पश्चिमेस मक्का म्हणजेच मकाई, असे चार मुख्य दरवाजे आणि बाकी पुष्कळ लहान. लोक आदरानें बावन्न दरवाजे मोजतात, तो आंकडा तसाच चालूं द्यावा! ज्यानें दौलताबादचा तासलेला कडा आणि खडकांत खोदलेला खंदक पाहिला आहे, त्याला ही चौदा फुटांची भिंत किरकोळ वाटेल. तोफांच्या वेढ्यापुढें ती फार दिवस टिकली नसती, आणि तशी ती टिकावी हा हेतूहि नसावा. घोड्यावर बसून भरधांव आलेल्या, रात्रीच्या आंत लूट घेऊन परत जावयाचें आहे अशा स्वाराला अडविण्यास मात्र चौदा फूट पुरेसे असतात. कमोडसच्या शिलालेखांतले गुपचूप नदी ओलांडणारे लोक आणि औरंगाबादच्या भिंतीला ज्यांची धास्ती होती ते स्वार, सरकारी कागदांत दोघांनाहि लुटारू हेंच नांव होतें. डॅन्यूबपलीकडच्यांचीं स्वतःचीं बखर लिहिणारीं माणसें नव्हतीं. मराठ्यांचीं होतीं, म्हणून त्यांची बाजू आपणांस ठाऊक आहे.

भिंत बांधून बादशहा तिच्या आंत राहिला नाहीं. पुढील पंचवीस वर्षें तो तंबूंत राहिला आणि त्याचे मुक्काम पुन्हां पुन्हां नद्यांच्याच कांठीं पडले. १६८९ च्या फेब्रुवारींत पकडलेल्या संभाजी महाराजांना बहादूरगडावर, त्याच भीमाकांठच्या कोटांत, त्याच्यापुढें उभें करण्यांत आलें, आणि मार्चमध्यें भीमेच्याच कांठीं त्यांची हत्या झाली. युद्ध संपलें असें ज्यांना वाटलें असेल त्यांचा अंदाज अठरा वर्षांनीं चुकला. १६९५ पासून १६९९ पर्यंत बादशहाची छावणी मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीस भीमेवर होती. १६९७ च्या पावसाळ्यांत भीमेला असा पूर आला कीं पेडगांव आणि ब्रह्मपुरी येथील छावण्या पाण्याखालीं गेल्या. १७०० सालीं माण नदीच्या कांठीं खवासपुरास ऑक्टोबरच्या एका रात्रीं अवचित लोंढा आला. शत्रूच आला असें वाटून बादशहा उठून धांवला, त्याचा पाय मुरगळला आणि गुडघा कायमचा अधू झाला. पूर्वज तैमूर लंगडा होता, तेव्हां हा त्याचाच वारसा समजावा, असें म्हणून दरबाऱ्यांनीं म्हाताऱ्याचें समाधान केलें.

त्याच्या मृत्यूनंतर सीमा आणखी मागें सरकून गोदावरीवर आली, आणि तेथेंहि नदीनेंच निकाल दिले. १७२८ च्या फेब्रुवारींत बाजीरावानें औरंगाबादेच्या रोंखानें दौड केली. शहराच्या काळजीनें निजामुल्मुल्क जड तोफखाना मागें ठेवून धांवत आला आणि वैजापूरजवळ पालखेड येथें पाण्यापासून तोडला जाऊन कोंडला गेला. तटाला एकहि शिडी लागली नाहीं. तट असूनहि शहर वांचविण्यासाठीं त्याचा मालक उघड्या माळावर सांपडला. ६ मार्च रोजीं मुंगी शेवगांव येथें, गोदावरीच्या परिसरांत, त्याला तह करावा लागला. १० ऑगस्ट १७६३ रोजीं राक्षसभुवनास तर भर पुरांत निजामअलीची निम्मी फौज गोदावरीच्या उत्तर तीरास पोंचली होती आणि निम्मी, दिवाण विठ्ठल सुंदरासह, दक्षिण तीरास अडकली होती. मधून नदी दुथडी वाहत होती. निजामअलीला पलीकडचा संहार होत असतां मदत पाठवितां येईना. विठ्ठल सुंदर तेथेंच पडला.

निजामअली उरलेली फौज घेऊन औरंगाबादेच्या तटाआड शिरला. पाठोपाठ नदी उतरून राघोबादादा आणि माधवराव ह्यांच्या फौजा शहरापुढें येऊन ठेपल्या, आणि सप्टेंबरांत तेथेंच तह झाला. ज्या कामासाठीं ती भिंत बांधली होती तें काम बांधल्यापासून एक्याऐशीं वर्षांनीं तिला पडलें. तोंपर्यंत तिच्यापुढें राखण्यासारखी नदी एकच उरली होती, ती म्हणजे पायाशीं वाहणारी खाम.

डॅन्यूबच्या कांठच्या छावण्यांवर पुढें मोठीं शहरें वाढलीं. व्हिएन्ना आणि बुडापेस्ट हीं त्यांतलींच. २०२१ सालीं त्या नदीकांठच्या रोमन ठाण्यांपैकीं पश्चिमेकडच्या भागास जागतिक वारशाचा मान मिळाला. खामकांठचीं दोन टोकें जोडणारी भिंत पडली, दगड घरांच्या पायांत गेले आणि शहर चोहोंकडे पसरलें. २०२३ सालापासून ह्या शहराचें अधिकृत नांव छत्रपति संभाजीनगर असें आहे. ज्यांच्या धास्तीनें तो तट उठला, त्यांचेंच हें नांव आहे.